बाटलीत उरलेला नखभर सुगंध: जपावा की संपवावा?

ओवळीची माळ

विषय थोडा चैनीचा आहे याची मला कल्पना आहे, तरीही विचारते. 2003 साली माझे दीर मस्कतहून सुट्टीवर आले तेव्हा माझ्या वाट्याला एका फ्रेंच परफ्यूमची 100 मिलीलिटरची बाटली आली. तोवर सुगंध म्हणजे वेणीत माळलेली ओवळी (म्हणजे बकुळ), सुरंगी आणि दिवाळीचे उटणे एवढेच मला ठाऊक होते. पहिले चार महिने बाटली कपाटातच राहिली. मग शाळेच्या स्नेहसंमेलनाला भीतभीत एक फवारा मारला आणि त्यानंतर गेल्या 22 वर्षांत मी दुसरे काहीही लावलेले नाही. शाळेच्या दिवशी एक फवारा आणि लग्नकार्याला दोन, हा माझा नेम आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मी व्हरांड्याच्या टोकाला असतानाच वर्गातून दबक्या आवाजात "वास इलो रे, बाई इली!" असे ऐकू येते आणि मी आत पाऊल टाकीपर्यंत सगळे वह्या उघडून शहाण्यासारखे बसलेले असतात. गृहपाठ न केलेल्यांना या सूचनेचा किती उपयोग झाला असेल, याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

सध्या सातवी बाटली चालू आहे. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने दुबईच्या विमानतळावरून फोन करून सांगितले की कंपनीने हे उत्पादन बंद केले आहे. आता तळाशी जेमतेम नखभर द्रव उरला आहे. नाव मुद्दामच देत नाही, कारण नाव दिले की चर्चा कंपनीवर घसरेल. वासाचे वर्णन मात्र करते. सुरुवातीला ईडलिंबाच्या सालीसारखा, तासाभराने पांढऱ्या फुलांचा आणि शाळा सुटेपर्यंत ऐन पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जे शेवाळ धरते, त्याच्यासारखा.

माझे दोन प्रश्न आहेत. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे ती कंपन्या बंद का करतात? आणि हे नखभर मी जपून ठेवावे की वापरून संपवावे?

शेवटची एसटी

संपवा आणि बाटलीची फुलदाणी करा.

गलबत

बाईंना गणिताचा प्रश्न विचारण्याची संधी शाळेत असताना मिळाली नव्हती, ती आता घेतो. नखभर म्हणजे नेमके किती? साध्या फवारणीत एका दाबाला साधारण 0.1 मिलीलिटर द्रव बाहेर पडतो, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये दहा फवारे. तुम्ही माप दिलेत तर किती दिवसांचा साठा आहे ते सांगता येईल.

रसायनवाला

मी लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळेत काम करतो. सुगंधी द्रव्ये हा माझा प्रत्यक्ष व्यवसाय नसला तरी त्यांतील काही रेणू माझ्या हाताखालून गेलेले आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

बाईंनी शेवाळाचा उल्लेख केला, तिथेच मला सुगावा लागला. युरोपात ओकच्या झाडांवर एक दगडफूल वाढते, त्याला तिकडे ओकमॉस म्हणतात. नावात शेवाळ असले तरी ते शेवाळ नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचे ते एकत्र बिऱ्हाड आहे. 1917 साली कोटी या फ्रेंच कंपनीने 'शिप्र' नावाचे परफ्यूम बाजारात आणले. वर लिंबूवर्गीय साल, मध्ये फुले आणि तळाशी ओकमॉस अशी त्याची बांधणी होती आणि ती इतकी गाजली की तशा सुगंधांच्या सबंध कुळालाच शिप्र हे नाव पडले. तुमचे वर्णन या कुळाशी तंतोतंत जुळते.

पुढे असे लक्षात आले की ओकमॉसच्या अर्कातील अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल या दोन घटकांमुळे काही लोकांच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते. युरोपीय संघाने 2017 साली नियम करून ते दोन्ही आणि लिरल नावाने ओळखले जाणारे आणखी एक द्रव्य निषिद्ध ठरवले. ऑगस्ट 2019 नंतर त्यांचा समावेश असलेले नवे उत्पादन बाजारात आणता येईना आणि ऑगस्ट 2021 नंतर जुना मालही दुकानात ठेवता येईना. मार्च 2022 पासून लिलियल नावाचे द्रव्यही निषिद्ध झाले. पांढऱ्या फुलांचा कोवळा वास देण्यासाठी ते अक्षरशः शेकडो परफ्यूममध्ये वापरले जात असे. अशा वेळी कंपनीपुढे दोनच वाटा उरतात. पाककृती बदलून तेच नाव पुढे चालवायचे किंवा दुकान आवरायचे. ज्याचा खप मोठा असतो त्याच्यासाठी नव्या पाककृतीचा खर्च केला जातो. ज्याचे गिऱ्हाईक निष्ठावान पण थोडे असते, त्याचा बळी जातो. तुमच्या बाटलीचे नेमके काय झाले हे मी सांगू शकत नाही, पण या पद्धतीने गेलेली बरीच आहेत.

तिरफळ

रसायनवाला, दगडफूल म्हणजे आपण मालवणी मसाल्यात घालतो तेच का? ते वाचून मी उठून मसाल्याचा डबा उघडला. डोळे मिटून हुंगले तर खरोखरच ओल्या गडग्याचा वास आला. गेली 30 वर्षे मी ते भाजून कुटते आहे आणि एकदाही माझ्या मनात असे आले नाही.

रसायनवाला

जात वेगळी, पण गोत एकच. आपल्याकडचे दगडफूल हिमालयाच्या बाजूने येते आणि उत्तरेकडचे अत्तरवाले त्याला चरीला म्हणतात. शमामा या अत्तरात ते घालतात. भाजण्यापूर्वीचे हुंगावे, भाजल्यावर त्याचा स्वभाव बदलतो.

शेवटची एसटी

म्हणजे बाईंनी कोंबडीचे सुके करून पदराला पुसले तरी काम भागेल.

कोकमसरबत

मला या धाग्याचे थोडे आश्चर्य वाटते. ज्या तालुक्यात फेब्रुवारी उजाडला की सुरंगीचा घमघमाट सुटतो, तिथल्या शिक्षिकेने परदेशी बाटलीसाठी हळहळावे, हे मला पटत नाही. आपल्याकडे ओवळी आहे, सोनचाफा आहे, अनंत आहे, केवडा आहे. यांतले काहीही कोणत्याही कंपनीला बंद करता येत नाही. विकत घेतलेल्या वासावर जीव लावला की हे असे होणारच.

आसोलीचा आतेभाऊ

कोकमसरबत, सुरंगीचे नाव इतक्या सहज घेऊ नका. आमच्या घराच्या मागे सुरंगीची तीन झाडे आहेत, म्हणून लिहितो. ही फुले फांदीच्या शेंड्याला येत नाहीत. जुन्या, जाड फांद्यांना आणि खोडाला चिकटून गुच्छांनी येतात. झाड उंच आणि घोटीव असते. पहाटे वर चढून कळी काढावी लागते, कारण ऊन वर आले की फूल उमलते आणि वळेसराच्या, म्हणजे गजऱ्याच्या, कामाचे राहत नाही. चढणारा माणूस मिळणे दरवर्षी कठीण होत चालले आहे. आमचा नेहमीचा गडी मागील वर्षी पाय घसरून पडला, तेव्हापासून त्याच्या घरच्यांनी त्याला झाडावर चढू दिलेले नाही. दोन झाडांची फुले गेल्या हंगामात जागीच गळून गेली. उरलेली कळी वाळवून व्यापाऱ्याला दिली. ती पुढे अत्तराच्या धंद्यात जाते. तेव्हा कंपनी बंद करू शकत नाही हे खरे असले, तरी सुरंगी बंद पडूच शकत नाही असे समजू नका. हंगाम तर जेमतेम दोन महिन्यांचा. उरलेले दहा महिने बाईंनी काय करावे?

ओवळीची माळ

कोकमसरबत, तुमचा राग मी समजू शकते आणि माझे टोपणनाव पाहिलेत तर मी पक्षबदलू नाही हेही तुमच्या लक्षात येईल. सुरंगीचा वळेसर मी दरवर्षी माळते. पण सुरंगी माळली की मी आमच्या गावातल्या शंभर बायकांसारखी होते, आणि त्यात मला आनंदच असतो. ही बाटली मात्र गावात माझ्या एकटीची होती. सासर, शाळा, घर यांत एवढी एकच गोष्ट मी कोणाला न विचारता ठरवली होती. (आणली दिरांनी, हे कबूल. पण पुढच्या सहा बाटल्यांचे पैसे मी माझ्या पगारातून दिले.)

गलबत यांच्यासाठी: बाटलीचा तळ आतून 5 सेंटीमीटर लांब व 3.2 सेंटीमीटर रुंद आहे आणि द्रवाची उंची अर्धा सेंटीमीटर आहे.

गलबत

म्हणजे 8 घन सेंटीमीटर, म्हणजे 8 मिलीलिटर, म्हणजे 80 फवारे. पायऱ्या दाखवल्या आहेत, पूर्ण गुण द्यावेत.

मु. पो. हर्णै

आमच्या घरात अत्तराचा रिवाज तीन पिढ्यांचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वडील शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला निघताना हिन्याचा फाया, म्हणजे अत्तरात भिजवलेला कापूस, कानात ठेवत. कुपी मुंबईहून येई आणि मुंबईच्या दुकानात ती कन्नौजहून येई. कन्नौजला आजही तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून वर मातीने झाकण लिंपतात, खालून लाकडाचा जाळ करतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यात, उतरवतात. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते फुलांचा वास धरून ठेवते. या अत्तरांना 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. वरकरणी आमच्या वडिलांचे अत्तर कधीच बंद झाले नाही. तेच नाव, तीच कुपी, दुकानही तेच. तरीही एका वर्षी वडिलांनी फाया हुंगला आणि "हे ते नव्हे" एवढेच म्हणून बाजूला ठेवला. चंदनाचे भाव आकाशाला भिडले तसे बाजारातील पुष्कळ अत्तरांचे बूड चंदनाचे राहिले नाही. त्या जागी लिक्विड पॅराफिनसारखे बिनवासाचे द्रव आले. वरचा वास तोच, पण दुपारपर्यंत टिकणारा तळच नाहीसा झाला. वडिलांनी दुकानदाराशी वाद घातला नाही. त्यांनी त्यानंतर अत्तर लावणेच सोडले.

म्हणून बाईंना सांगावेसे वाटते की तुमच्या कंपनीने निदान बंद केले. तेच नाव ठेवून आतला माल बदलला असता तर तुम्ही आणखी सहा बाटल्या आपल्याच नाकावर अविश्वास दाखवीत घालवल्या असत्या.

खाडीपलीकडे

हर्णैकर, तुमच्या वडिलांचे वाक्य मनात राहिले.

माझा अनुभव तक्रारवजा आहे. माझ्या नवऱ्याचे आवडते परफ्यूम बंद झाले, तेव्हा मी एका संकेतस्थळावरून "जुना साठा, सीलबंद" अशी बाटली साडेआठ हजार रुपयांना मागवली. खोके अस्सल दिसत होते. आत मात्र रंगीत स्पिरिट होते. नंतर कळले की खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडावरचा बॅच क्रमांक एकच असावा लागतो. आमच्या बाटलीवर क्रमांकच नव्हता. मुंबईत "अगदी तस्साच" वास करून देणारी दुकानेही आहेत. तिथून करून घेतलेला वास पहिला अर्धा तास खरोखर तस्साच होता. त्यानंतर नवऱ्याने स्वतःहून अंघोळ केली.

माझ्या मनात एक प्रश्न आहे. कंपनीला जर ते करायचे नसेल, तर दुसऱ्या कोणी तीच पाककृती रीतसर का करू नये?

वकिलीण

यावर कायद्याच्या जगात गमतीदार मतभेद आहे. जून 2006 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परफ्यूम ही केवळ कसबाची अंमलबजावणी आहे, तिला लेखन किंवा चित्रासारखा स्वामित्वहक्क मिळत नाही. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लँकोमच्या 'ट्रेझोर' या परफ्यूमच्या खटल्यात नेमके उलटे सांगितले. व्यवहारात कंपन्या स्वामित्वहक्कापेक्षा गुप्ततेवर अधिक भिस्त ठेवतात. पाककृतीचे पेटंट घ्यायचे तर ती जाहीर करावी लागते आणि मुदतीनंतर ती सर्वांची होते. म्हणून ती तिजोरीत राहते आणि उत्पादन बंद झाले तरी तिजोरी उघडत नाही.

रसायनवाला

शिवाय ती तिजोरी पुष्कळदा बाटलीवर नाव असलेल्या कंपनीची नसतेच. जिवोदाँ, सिमराइज, आयएफएफ अशा सुगंध बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या अर्क तयार करून देतात आणि पाककृती आपल्याकडे ठेवतात. यंत्रावर नमुना तपासून घटकांची यादी बरीचशी काढता येते, परंतु नैसर्गिक अर्क आला की एकाच थेंबात शेकडो घटक निघतात आणि तिथे नक्कल लंगडी पडते. "पहिला अर्धा तास तस्साच" होण्याचे कारण हेच. उडून जाणारे सोपे असते, मागे राहणारे अवघड.

फ्रान्समध्ये व्हर्साय येथे ऑस्मोथेक नावाचे सुगंधांचे संग्रहालय 1990 पासून आहे. बंद पडलेली परफ्यूम तिथे 12 अंश तापमानात, अंधारात, बाटलीतील हवेच्या जागी आर्गॉन वायू भरून ठेवलेली आहेत. वर उल्लेख केलेले 'शिप्र' तिथे आजही हुंगायला मिळते. विकत मात्र मिळत नाही.

तिरफळ

बारा अंश म्हणजे फ्रिजच की. बाईंनी बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

शेवटची एसटी

आमच्या फ्रिजमध्ये सुकट, बांगड्याचे कालवण आणि आईची इन्सुलिन एकत्र नांदतात. त्यात फ्रेंच पाहुणी राहील असे वाटत नाही.

रसायनवाला

घट्ट झाकणाच्या बाटलीत सुकटीचा वास शिरणार नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात मात्र नक्की शिरेल. फ्रिजपेक्षा महत्त्वाचे सांगतो. आपल्याकडची उष्णता, खिडकीतला उजेड आणि बाटलीतील रिकामी जागा हे तीन शत्रू आहेत. शंभराच्या बाटलीत आठ मिलीलिटर द्रव असेल, तर उरलेल्या जागेत हवाच आहे आणि तिच्यातला प्राणवायू आपले काम शांतपणे करतो आहे. ईडलिंबाचा वास सर्वांत आधी जाईल, नंतर रंग गडद होईल. दहा मिलीलिटरची स्वच्छ, कोरडी काचेची फवारणीची कुपी आणून त्यात ओतून घ्या आणि लाकडी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवा. न्हाणीघरातल्या फळीवर ठेवत असाल तर आजच उचला. एवढे करूनही ते कायमचे टिकणार नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

निवांत

मी सहसा लिहीत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला आणि वास गेला. ताप चार दिवसांत उतरला, नाक परत यायला अकरा महिने लागले. घरात बांगडे तळले जात आणि मला फक्त तेलाचा आवाज ऐकू येई. मध्ये एक विचित्र काळ असा आला की कॉफीला जळक्या रबराचा वास येत असे. त्या काळात मी नेहमीचे परफ्यूम रोज लावत होतो. मला त्यातले काही कळत नव्हते, पण बायको म्हणाली की तू लावले नाहीस तर घरात कोणी परका वावरतो आहे असे वाटते.

तेव्हा मी या विषयावर थोडे वाचले. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात; वासाचे ग्राही शोधून काढल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. एखादा वास सतत येत राहिला की आपले नाक काही मिनिटांतच तो टिपेनासे होते. म्हणजे निरोगी असतानाही मी माझे परफ्यूम दिवसभर हुंगत नव्हतोच. ते इतरांपर्यंत जात होते.

बाईंना विचारावेसे वाटते: तुम्हाला स्वतःला तो वास दिवसातून किती वेळ येतो?

ओवळीची माळ

निवांत, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही, म्हणून दोन दिवस लक्ष ठेवले. फवारा मारल्यापासून एसटीत बसेपर्यंत वास येतो. त्यानंतर थेट संध्याकाळी, पदर खांद्यावरून काढताना, ते शेवाळ एकदा येऊन जाते. मधले आठ तास मला काहीच कळत नाही. म्हणजे 22 वर्षे मी हे बहुतांशी सातवी-आठवीच्या मुलांना हुंगवले.

काल मी मुद्दाम काही न लावता शाळेत गेले. आठवी ब च्या वर्गात शिरले तेव्हा निम्मी मुले बाकांवर उभी होती आणि एकाच्या हातात दुसऱ्याची चप्पल होती. मला पाहून जी शांतता पसरली तिच्यात एक मुलगी अत्यंत तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बाई, तुम्ही आज सांगून नाही आलात."

मी 31 जानेवारीला निवृत्त होत आहे. दिवाळीची सुट्टी, रविवार आणि सण वगळून कॅलेंडरवर आज दिवस मोजले, ते 78 भरले. गलबत यांनी 80 फवारे काढून दिले आहेत. दहा मिलीलिटरची कुपी पुतण्या रत्नागिरीहून आणणार आहे. या काळात तीन लग्नांची आमंत्रणे आहेत, तिथे मी ओवळीवर भागवीन.

गलबत

दोन फवारे शिल्लक राहतात, बाई.

ओवळीची माळ

ते निरोप समारंभाला. कार्याला दोन, हा नेम आहे.

रसायनवाला

एक दुरुस्ती. फवारणीच्या नळीला तळाचा शेवटचा थेंब ओढता येत नाही, शिवाय जुन्या बाटलीच्या काचेलाही थोडे चिकटून राहील. 78 च धरून चाला. आणि जुनी बाटली रिकामी झाली तरी धुऊ नका. झाकण लावून साड्यांमध्ये ठेवा, काही महिने तरी वास देईल.

कोकमसरबत

आतेभाऊ, फेब्रुवारीत झाडावर चढायला माणूस मिळाला नाही तर मला कळवा. माझा मेहुणा माडावर चढतो, सुरंगीवरही चढेल. पहिला वळेसर बाईंच्या घरी पोहोचवायचा आहे.

शेवटची एसटी

म्हणजे फुलदाणी रद्द?